सुपाचा आवाज

आमचं गाव महागावच्या जवळच, पण गावाचं नाव कायले पाहिजे तुम्हाले, भोंगेवाले कुठं राहतात असं विचारलं की लहान पोरगंही घरापर्यंत आणून सोडते. माझं खरं नाव रेशनकार्डावर आहे, तिथंच बरं आहे ते. माझ्या बापानं पहिला भोंगा आणला तेव्हा गावात वीज धड नव्हती, बॅटरीवर चालवायचा, अन् लग्न कोणाचंही असो, लोक नवरदेवाच्या आधी भोंगा पाहायले यायचे. बाप म्हणे, आपलं काम ऐकवायचं, ऐकायचं नाही. त्याच्यासंगं भोंग्याच्या मशीनजवळ बसूनच मी मोठा झालो. आता भोंग्याच्या जागी स्पीकरचे बॉक्स आले, मंडप, गाद्या, कनातीही आम्हीच देतो, पण नाव भोंगेवालेच राह्यलं.

या धंद्यात एक गोष्ट चांगली आहे. मशीनजवळून उठता येत नाही. भाषण कितीही लांबो, तुम्हाले तिथंच बसावं लागते, हात बटनाजवळ. म्हणून मी वाचायले लागलो. तालुक्याच्या वाचनालयातलं पुस्तक मांडीवर अन् एक कान स्टेजकडे, अशा कादंबऱ्या वाचल्या, इतिहास वाचला, ज्या देशात मी कधी जाणार नाही तिथली प्रवासवर्णनं वाचली. नेते, महाराज, प्रवचनकार, सारे मी मागून पाह्यले आहेत, अन् काय सांगू तुम्हाले, मागून पाह्यलेला माणूस अन् पुढून पाह्यलेला माणूस एक नसते. एक महाराज क्रोध कसा जिंकावा यावर बोलायचे, बोलायचे चांगले, पण माईक बोटभर खाली राह्यला तर माझ्याकडे असे पाहायचे की पुढचा जन्म माझा झुरळाचाच. तेव्हापासून ध्यान, साधना, शांती असं काही ऐकलं की मले झेंडूचे हार दिसायचे अन् माझ्या वायरीत पाय अडकून पडणारे स्वयंसेवक.

तर असा मी. जन्मभर बॉक्सच्या बाजूले बसलो, ते कानाले भोवलं. कानात शिट्टी वाजायले लागली. माईक बॉक्सच्या फार जवळ गेला की कशी बारीक शिट्टी मारते, तशीच, फक्त बंद करायचं बटन नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले नस थकली आहे, ही राहीन, सवय करा. झोप गेली. जेवण गेलं. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचून राह्यलो, असं व्हायचं. अन् मग एक दिवस विचार आला, आपण नसलो तर ही शिट्टी तरी नसन. पहिल्यांदा पाहुण्यासारखा आला अन् गेला. मग रोज यायले लागला. मग जाईचनाच. शिट्टीमुळंच झालं असं मी म्हणत नाही, पुढं डॉक्टरनंही सांगितलं, याचं कधी एकच कारण नसते.

सांगायचं कोणाले? गमत्या माणसाचं हे अवघड असते, तो खरं बोलायले लागला तरी लोक हसायची तयारी करून बसतात.

माझ्या बायकोनं, सुमननं, ओळखलं. कसं ओळखलं माहीत आहे? आमचे व्याही आलते, कोण्या महाराजासंगं काढलेला फोटो दाखवून राह्यले होते, मोठ्या फ्रेमचा. ते गेल्यावर सुमन म्हणे, तुम्ही एक शब्द बोलले नाही. मी म्हटलं, काय बोलू. ती म्हणे, एवढी मोठी फ्रेम, अन् तुम्ही टिंगल केली नाही, काय झालं ते आताच्या आता सांगा. अन् मी सांगून टाकलं, जीव द्यायचे विचार येतात म्हणून. ती रडली नाही, तिनं उपदेशही केला नाही. तिनं आपल्या भावाले, गजूले, फोन लावला अन् म्हणे, उद्या सकाळी गाडी घेऊन ये, भाऊजीले यवतमाळले न्यायचं आहे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या अन् बोलायसाठी एका मॅडमकडे पाठवलं, माझ्या पोरीच्या वयाची. तिनं सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येते का, आज आला का. इतकं सरळ मले कोणी काही विचारलं नव्हतं हो. छातीवर ताणलेल्या कनातीची दोरी कोणी तरी सोडली असं वाटलं. गोळ्यांनी हळूहळू झोप यायले लागली, तेव्हा मॅडम म्हणे, आता थोडं ध्यान करून पाहा, गोळ्या सोडायच्या नाहीत, हे त्याच्या सोबतीनं. मी म्हटलं, मॅडम, मी ध्यानाचे मंडप टाकतो. ती म्हणे, मग तुम्हाले जागेची अडचण नाही.

पण जागेतच घोळ झाला. मी आवाजाचा माणूस. मले वाटलं ध्यान म्हणजे शांतता, अन् शांतता कुठं असते ते आमच्याइतकं कोणाले ठाऊक? मी गाद्यांच्या खोलीत गेलो. चारी भिंतींले छतापर्यंत गाद्या अन् लोड, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही, आवाज तिथं मरूनच जाते. डोळे मिटून बसलो. अन् भाऊ, ती शिट्टी अशी वाढली, अन् तिच्या मागून तो विचार असा आला, की मी दार उघडून अंगणात पळालो अन् सुमनजवळ जाऊन बसलो. ती तूर पाखडून राह्यली होती. घाबरून फोन केला तर मॅडम रागावली. म्हणे, एकटं बसा असं मी कधी म्हटलं? शांत जागा पाहा असं म्हटलं? डोळे उघडे ठेवा, लोकांत बसा, जो आवाज चालू आहे तो ऐका. विचार आला तर त्याच्याशी भांडू नका, आला म्हणा अन् सुमनताईले सांगा.

तेव्हापासून आमचं ध्यान अंगणात. सुमन सूप घेऊन बसते, मी तिच्या बाजूले. सूप वर गेलं की झुर्र, खाली आलं की झप. दाणे मागं, फोल पुढं. शिट्टी असते, पण ती एकटी नसते. मी म्हणतो, आला. ती म्हणे, येऊ द्या, बसा. सूप थांबत नाही. बापानं शिकवलं नव्हतं ते असं शिकलो, ऐकायचं.

बरं वाटत होतं, अन् त्यातच एका मोठ्या ध्यान शिबिराचं काम आलं. पाहुणे महाराज स्टेजवर म्हणाले, ज्याले मरणाचे विचार येतात त्याचं मन दुबळं, तो पापी. मी मशीनजवळ होतो. अन् तो विचार आला. जे आमच्या धंद्यात कोणी करत नाही ते मी केलं, मशीन सोडून उठलो. मंडपामागं जाऊन सुमनले फोन लावला. म्हटलं, आला, मोठा आला. ती म्हणे, कुठं आहात, गजूले धाडून राह्यली, फोन ठेवू नका, बोलूही नका, ऐका फक्त. अन् तिनं फोन बाजूले ठेवून सूप हाती घेतलं. झुर्र, झप. इकडं मशीनजवळ कोणी नाही, महाराज जोशात माईक बॉक्सकडे घेऊन गेले, अन् शांती या शब्दावर अख्ख्या मंडपात शिट्टी सुटली. लोक ओरडून राह्यले, ओ भोंगेवाले. पहिल्यांदा माझी शिट्टी साऱ्या गावानं ऐकली. मी तिथं जमिनीवर बसून, फोन कानाले लावून, हसलो. गजू येईपर्यंत सूप चालूच होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं गोळी वाढवली, अन् बरं केलं लगेच सांगितलं, असं म्हणाले.

आता पुस्तकं पुन्हा सुरू आहेत. टिंगलही. विचार कधीमधी येते, बसते, जाते. शिट्टी आताही आहे, तुमच्याशी बोलून राह्यलो तरी. माझ्यासारखं कोणाले होत असन तर मी एवढंच म्हणीन, आधी घरातल्या एका माणसाले सांगा, मग डॉक्टरकडे जा, मग बसा कोणाच्या तरी बाजूले.

अन् एक गोष्ट मी सुमनले अजून बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. आमची तूर केव्हाच साफ झाली. परवा मी डब्यात हात घालून पाह्यलं, एक खडा नाही, एक फोल नाही. ती रोज सकाळी तीच तूर काढते, सुपात घेते, पाखडते अन् पुन्हा डब्यात भरते. देव तिचे हात असेच चालते ठेवो. मी बाजूले बसतो अन् ऐकतो.