उजवीकडचं स्टूल

डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे ताटकळलेले. मागच्या बाकावर बहीणभावाची जुंपली होती. त्यांची आई आत तपासणीला गेली होती.

“ताई, जुन्या घरात होती तशीच खोली लावून दिलीय तिला. खाट, स्टूल, पाण्याचा पेला, सगळं.”

“मग ती पाण्यासाठी हवेत हात का फिरवत बसते? दिसत नाही रे आता तिला!”

“नव्या घरातही तिच्या उजव्या हातालाच ठेवलंय की स्टूल. तिथे उजवीकडेच होतं. डोळे मिटले की अजून दिसतं मला.”

“तुझ्या उजवीकडे, शहाण्या! तू दारात उभा असायचास. खाटेवर ती दाराकडे तोंड करून बसायची. तिच्या ते डाव्या हाताला होतं.”

“हे लक्षातच आलं नाही माझ्या.”

“कसं येईल? तिच्या खाटेवर कधी टेकलास तरी?”

“दारातून विचारायचो की रोज, बरी आहेस ना म्हणून. कामाची घाई असायची गं.”

“आता मीट डोळे. बस तिच्या जागेवर. काय दिसतं?”

“डावीकडे स्टूल. खिडकीत तुझं शिलाई मशीन.”

“आणि समोर, दारात?”

“माझी पाठ. वळ म्हणतोय, ताई, पण वळतच नाही.”