वात्रट कोण, ते काका ठरवणार

'वात्रट' कुणाला म्हणायचं, हे मला आमच्या मंडळाच्या अध्यक्षकाकांनी शिकवलंय, ऐका. फ्रीगंजातला आमचा गणपती. तेव्हा घरोघरी रंगीत टीव्हीची नवी हौस होती आणि त्या वर्षी मांडवाचा खर्च टीव्हीच्या दुकानवाल्या सेठजींनी उचललेला. आरतीची वेळ टळली, निरांजनातलं तूप संपत आलं, तरी काका माईकवर सांगतायत, "सेठजी बस पोहोचतच आहेत, जरा सबर करा!"

मी म्हटलं, "काका, बाप्पांना विचारलंत का?"

लोक हसले. काका भडकले, "देवासमोर वात्रटपणा करतोस? लाज नाही वाटत?"

बरं बाबा. सेठजी आले, हार झाला, उरकली एकदाची आरती. मग सेठजींना मांडवातच नवा टीव्ही चालवून दाखवायचा होता. बोर्डावर पिन लावायला जागा एकच. काकांनी स्वतःच्या हाताने मखरातल्या दिव्यांची पिन उपटली आणि टीव्हीची खुपसली. बाप्पा अंधारात, टीव्हीवर साबणाची जाहिरात, आणि काका टाळ्या वाजवतायत!

ह्याला म्हणे सेठजींचा मान ठेवणं म्हणतात. वात्रट मी.