ज्याच्याकडे जाऊन भांडता येईल असा पत्ता

सन्माननीय अध्यक्ष तामाकी-सान, व्यासपीठावरचे पाहुणे, केबल कंपनीतली सर्व मंडळी आणि माझ्यासारखेच इथले जुने ग्राहक असलेल्या बंधुभगिनींनो,

आज एकतीस मार्च, मंगळवार. सकाळी थोडा पाऊस झाला, मग उघडलं. दुपारी बारा वाजता आपल्या कंपनीची मेल सेवा बंद झाली. आता अडीच वाजलेत, आणि काउंटर क्रमांक दोनचे इसोगाई-सान एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहेत. ग्राहकांतर्फे चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मी नगरपालिकेत आयुष्यभर जमिनी मोजल्या. बोलायची सवय नाही. आमच्या घरी बोलण्याचं काम माझ्या पत्नीकडे, फुमिएकडे होतं.

सात वर्षांपूर्वी फुमिएच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाज गेला. ती खाली स्वयंपाकघरात, मी वर नकाशे काढत बसलेला. वहीत लिहून दाखवायचं तरी तिला जिना चढावा लागे. सापोरोहून मुलगा म्हणाला, "बाबा, दोघं मेलवर बोला की. आणि फुकटचा पत्ता घ्या, सगळं जग तोच वापरतं."

आम्ही काउंटर दोनवर विचारायला गेलो. तेव्हा इसोगाई-सान काय म्हणाले, सांगू? अध्यक्षांनी क्षणभर कान झाकून घ्यावेत.

"कंपनीचा माणूस म्हणून सांगतो, आमचा पत्ता घ्या. शेजारी म्हणून सांगतो, फुकटचा घ्या. उद्या तुम्ही आमचं कनेक्शन सोडलंत, किंवा आम्हीच दुकान आवरलं, तर पत्ता गेला म्हणून समजा."

फुमिएने वही काढली आणि लिहिलं, "त्या फुकटवाल्यांशी भांडायचं झालं तर जायचं कुठे?"

"माझ्याशी भांडायला साडेआठ ते पाच कधीही या," इसोगाई-सान म्हणाले. "फक्त बुधवार सोडून. बुधवारी गर्दी असते."

आम्ही कंपनीचेच पत्ते घेतले, एक तिचा, एक माझा. नंतर ती खरंच भांडायला येत असे. वही घेऊन, बुधवारीच.

सहा वर्षं ती मला खालून मेल पाठवत होती. मुळा संपला, टपाल आलं, असं काहीबाही. संध्याकाळचा एक मात्र ठरलेला: "पाणी तयार आहे. निघताना झाकण लावा." आंघोळीच्या टबातून निघताना मी झाकण न लावताच येई आणि माझ्यामागून त्याच पाण्यात उतरणाऱ्या तिच्या वाट्याला ते कोमट होऊन जाई. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तरी माझी ही खोड गेली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली.

या जानेवारीत कंपनीची सूचना आली. पत्ते बंद होणार, साठवलेलं सगळं पुसलं जाणार. मुलाने फोनवरून समजावून मला फुकटचा पत्ता काढून दिला. पत्ता बदलला की सगळ्यांना रीतसर कळवायचं, ही आपली पद्धत. मी यादीतल्या प्रत्येकाला कळवलं. यादीत फुमिएही होती, हे पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

मी काउंटरवर गेलो. म्हटलं, "इसोगाई-सान, चूक झाली. तिलाही मेल गेला."

"परत आला का?"

"नाही."

"मग पोचला. बसा."

मी बसलो. तिने लिहिलेलं सगळं नव्या पत्त्यावर नेता येईल का, असं विचारलं. दुसरं मला काहीच नको होतं.

"मेल नेता येतात," ते म्हणाले. "पत्ता नाही नेता येत."

आपल्या सुटीचे तीन दिवस ते सकाळी आमच्या घरी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "कुरामोतो-सान, निम्मे तर 'पाणी तयार आहे'च आहेत. यातला एकच ठेवला तर?"

मी म्हटलं, "सगळे."

"माझंच चुकलं," ते म्हणाले आणि चष्मा खाली घेतला. एकही मेल मागे राहिला नाही.

आज बारा वाजून पाच मिनिटांनी मी फुमिएच्या पत्त्यावर एक मेल पाठवला. तो लगेच परत आला. इसोगाई-सान, ही तक्रार नव्हे. तुम्ही मागे विचारलं होतंत, म्हणून सांगितलं.

उद्यापासून नव्या पत्त्याचं काही अडलं, तर कुणाकडे जायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही लेकीकडे कानाझावाला राहायला जाताय, असं ऐकलं. तिथे सुखात राहा. बुधवारीसुद्धा.

मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे घरचंच फार आलं असेल, तर सवय नसलेल्या माणसाचं म्हणून पोटात घाला. खाली खाण्यापिण्याची व्यवस्था आहे. आपण सावकाश घ्यावं. मला साडेचारची बस गाठायची आहे. घरी जाऊन टब भरीन, आंघोळ करीन आणि निघताना झाकण लावीन.