लॉकच्या वरच्या बाजूला

१९८६च्या जूनमध्ये सिअ‍ॅटलच्या लॉकवर बोटी बघत पद्मिनी कठड्याशी उभी होती, तेव्हा मागून मराठी कानावर आलं. तिने मान वळवली नाही. परदेशात मान वळवली की जेवायला बोलवावं लागतं. आवाजांवरून बापलेक वाटत होते.

“लॉक म्हणजे कुलूपच ना रे?”

“पाण्याचं, बाबा. सरोवर उंच, समुद्र खाली. बोट आत घ्यायची, गेट बंद करायचं, पाणी उतरलं की पुढचं गेट उघडायचं.”

“आईच्या अस्थी कुठल्या बाजूला सोडल्यास?”

“वरच्या. जानेवारीत.”

“गेट उघडं होतं?”

“नव्हतं. बोट आली की उघडतात.”

“मी फोनवर वाहतं पाणी म्हटलं होतं.”

“वाहत होतं की थोडं. आणि इथे नदी आणू कुठून? सत्तर वर्षांपूर्वी हे बांधलं, तेव्हा सरोवर नऊ फूट उतरलं आणि जुनी नदी पार आटली.”

“म्हणजे ज्याने नदी मारली, त्याच्याच दारात आईला नेऊन सोडलंस.”

“तिला आवडायचं इथे. माझ्याकडे राहायला आल्यापासून दर रविवारी आणायला लावायची.”

“काय बघायची एवढं?”

“गेटं. म्हणायची, अगदी आपल्या घरासारखं आहे. दुसऱ्याने उघडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.”

खाली भोंगा वाजला. मासेमारीची एक बोट समुद्राकडे निघून गेली.

“हसून म्हणाली असेल.”

“नाही, बाबा.”