हिरवी की तपकिरी

विंडसरमधल्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात रोंडा फ्यूज घ्यायला रांगेत उभी होती. तिच्यापुढे म्हातारे मर्विन आणि त्यांची मुलगी डार्ला दबक्या आवाजात भांडत होते.

"बाबा, आज तिसऱ्यांदा मोटर सुसाट सुटली! या वेळी तर टेबलावरून खालीच पडली."

"मोटर चालवणारा तो ड्राइव्हच भंगार आहे."

"ड्राइव्ह बिचारा काय करणार? मोटर किती फिरली ते त्याला सांगणाऱ्या दोन तारा उलट्या लागल्यात. मोटर पुढे गेली की त्याला वाटतं मागे चालली, म्हणून तो तिला आणखी पुढे रेटतो."

"चाळीस वर्षं वायरिंग केलंय मी. हिरवी हिरवीच्याच जागी लावली."

"तपकिरी लावलीत."

"हिरवी!"

"नशीब, आधी टेबलावर तपासली. मशीनवर चढवल्यावर असं झालं असतं आणि माझा हात आत असता तर?"

मर्विननी चष्मा काढून पुसला. रोंडाने उगाच नमुन्याला आणलेला जळका फ्यूज निरखायला घेतला.

"डार्ला, वर्षभर मला त्या दोन्ही सारख्याच दिसतायत गं."

"आणि हे आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर पक्कड काढून घेतली असतीस माझ्या हातातून."

"काय म्हणावं तुम्हाला!"

"पुढचे कोण?" काउंटरवरच्या बाईने हाक मारली. "काय हवंय?"

"तारांवर लावायच्या नंबरांच्या चिकटपट्ट्या द्या. आकडे मोठे हवेत," डार्ला अजून फणकाऱ्यातच होती. "तारा बाबाच जोडणार आहेत."