करंगळीचं काम

धाकटी : हे अठ्ठाविसावं, बाबा.

बाबा : मोजू नकोस. मोजलं की हात जास्त दुखतो.

धाकटी : न मोजताही दुखतोच आहे. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. आणि हे बोटीचं इंजिन आपलं पाण्याच्या पिंपात पाय सोडून बसलंय, पाहुण्यासारखं.

बाबा : त्याला बोलू नकोस. प्लग काढ.

धाकटी : पुन्हा? आत्ताच तर बघितला.

बाबा : तो दोरी ओढायच्या आधी. आता ओढल्यानंतर बघायचा. काढ, आणि माझ्या डाव्या हातात दे. उजव्यात देऊ नकोस, पडेल.

धाकटी : घ्या. खडखडीत कोरडा.

बाबा : अठ्ठावीस वेळा ओढून कोरडा? वासही नाही पेट्रोलचा. ठिणगी?

धाकटी : मगाशीच दाखवली ना तुम्हाला. निळी, जाड, टकटक वाजणारी.

बाबा : हो, हो. ठिणगीला नावं ठेवायला जागा नाही. मग पेट्रोल. नळीवरचा फुगा दाब.

धाकटी : दाबलाय. दगडासारखा घट्ट झालाय, म्हणजे टाकीतून पेट्रोल येतंय. कार्ब्युरेटर मी परवा स्वतः उघडला. भोकंन् भोकं तारेने साफ केली. पेट्रोल कालच आणलं, त्यात तेल तुमच्याच मापाने घातलं. आणखी काय करायचं राहिलं? दृष्ट काढू?

बाबा : किती वाजले?

धाकटी : साडेदहा.

बाबा : म्हणजे दादा आलाच. अकराचं सांगितलंय म्हणजे पावणेअकराला दारात उभा. टेम्पो घेऊनच येणार आहे ना?

धाकटी : हो. त्याच्यासमोर सुरू झालं तर बोट माझी. नाही झालं तर इंजिन भंगारात, बोट शेजारच्यांना, आणि तुम्ही त्याच्याबरोबर त्याच्या घरी, चौथ्या मजल्यावर.

बाबा : त्याचं काही चुकत नाही गं. चौदा महिने मी या खुर्चीत आहे. माणसं पलीकडच्या काठावर जायला पुलाचा वळसा घेतात. बोट काय नुसती बांधून ठेवायची?

धाकटी : मी चालवणार आहे! किती वेळा सांगू? मला दुसरं काही नको, ही बोट हवी. तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला.

बाबा : बोलतोय की. स्वयंपाकघरातून चमचा आण.

धाकटी : चमचा?

बाबा : चमचाभर पेट्रोल थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतायचं, आणि ओढायची दोरी. पेट घेतो का बघू.

धाकटी : आईचा चांगला चमचा घेतला तर ती घर डोक्यावर घेईल... बरं, ओतलं. मागे सरका. एक, दोन—

(इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं.)

धाकटी : बाबा! ऐकलंत?

बाबा : ऐकलं. जीव आहे त्याच्यात! खुर्ची पुढे ओढ माझी. आणखी पुढे. हां. आता नीट विचार कर. आपण हाताने पाजलं तेव्हा प्यालं. स्वतःहून पीत नाही. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. ते कशाने मिळतं?

धाकटी : चोकने. पण चोक मी प्रत्येक वेळी ओढलाय. हे बघा, बटण बाहेर येतं, टक् असं वाजतंसुद्धा.

बाबा : मग झालं. चोक ठीक आहे.

धाकटी : मग काय ठीक नाही?

बाबा : मला कळत नाहीये. चौदा महिन्यांपूर्वी हेच इंजिन एका ओढीत सुरू व्हायचं. एका! लोक पाय बोटीत ठेवायचे आणि हे सुरू. आता मी समोर बसून सांगतोय आणि होत नाही. हात गेला तेव्हा वाटलं, डोकं तरी शिल्लक आहे. तेही गेलं वाटतं.

धाकटी : असलं काही बोलायचं नाही. बाबा, एक करू. तुम्ही सुरू करा.

बाबा : चेष्टा करतेस?

धाकटी : नाही. डोळे मिटा. समजा सकाळ आहे, बोटीत सहा माणसं बसलीत. तोंडाने काही सांगू नका. हातांनी करा. उजवा उचलत नाही तर नुसता मनात ओढा.

बाबा : वेड लागलंय तुला.

धाकटी : मिटा म्हणते ना.

बाबा : बरं. मिटले. फुगा दाबला, तीनदा. चोकचं बटण... बटणाला हात लावला. दोरीची मूठ उजव्या हातात...

धाकटी : थांबा! तसेच थांबा. हात हलवू नका.

बाबा : काय झालं?

धाकटी : तुमचा डावा हात. तो झाकणाखाली कुठे चाललाय? आणि करंगळी अशी वाकडी का केलीत?

बाबा : कुठे? अगं... हो की. वाकडी आहे.

धाकटी : काहीतरी ओढताय तुम्ही. करंगळीत अडकवून.

बाबा : लेस.

धाकटी : काय?

बाबा : बुटाची लेस! अगं बाई, लेस! बटणाच्या मागची बारीक तार आतून तुटलेली आहे, अठरा वर्षांपूर्वीच. बटण नुसतं बाहेर येतं आणि टक् वाजतं. आतली झडप हलतच नाही. मी झडपेला लेस बांधली होती. दोरी ओढताना करंगळीने लेस ओढायची, इंजिनाने पेट घेतला की सोडून द्यायची. कुठे आहे ती? झाकणाच्या आत बघ, डाव्या बाजूला.

धाकटी : बाबा.

बाबा : काळीकुट्ट असेल, तेलाने माखलेली.

धाकटी : बाबा, ती मी फेकली.

बाबा : फेकली?

धाकटी : परवा साफसफाई करताना. मला वाटलं, कुठलीतरी चिंधी अडकलीये. कात्रीने कापली आणि कचऱ्यात टाकली. इंजिन कसं लखलखीत केलं म्हणून दिवसभर मिरवत होते मी.

बाबा : हा हा हा! आणि मी खुर्चीत बसून 'शाब्बास' म्हणत होतो!

धाकटी : हसताय काय! मला रडू येतंय. तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?

बाबा : सांगायला मला तरी कुठे माहीत होतं? ते हाताचं काम. मी थोडंच आठवून करत होतो! दुसरी लेस आण, पळ.

धाकटी : घरात कोण बूट घालतं? तुमच्या चपला, माझ्या चपला, आईच्या—

दादा : कोण आहे का घरात? टेम्पो लावलाय बाहेर. काय चाललंय हे? पेट्रोलचा वास पार रस्त्यापर्यंत येतोय.

बाबा : ये, ये. बूट काढ.

दादा : अं?

धाकटी : दादा, डावा बूट. पटकन.

दादा : मी बारा मिनिटं आधी पोचलो, पाणी तरी विचारा. बूट कशाला?

धाकटी : लेस हवी आहे. पाणी नंतर.

दादा : लेस? बाबा, पुन्हा?

बाबा : त्याच्या लक्षात आहे बघ!

दादा : लक्षात असणारच! परीक्षेचा दिवस होता. मला पलीकडे सोडायला इंजिन सुरू करताना तुमची ती तार तुटली. तुम्ही माझ्या बुटाची लेस काढून घेतलीत आणि म्हणालात, संध्याकाळी परत देतो. मी एक बूट घासत घासत पेपरला गेलो. सगळा वर्ग हसला होता.

बाबा : पण वेळेवर पोचलास.

दादा : पोचलो. ...घ्या. ही घ्या. पण हे सुरू नाही झालं तर मी बूट घासत टेम्पोत बसणार आणि इंजिन मागे. ठरल्याप्रमाणे.

धाकटी : ठरल्याप्रमाणे. बाबा, गाठ कशी मारू?

बाबा : झडपेच्या भोकातून घाल. दोन फेरे. आता टोक इकडे दे. माझ्या करंगळीत.

दादा : बाबा, तुम्ही कशाला? तुमचा हात—

बाबा : डावा आहे तो. डाव्याला काय झालंय? पोरी, दोरी तुझी. मी ओढलं म्हटलं की ओढ. मोजायचं नाही.

धाकटी : नाही मोजत.

बाबा : ओढ!

धाकटी : आई गं— झालं! सुरू झालं, बाबा!

बाबा : सोडली लेस! गॅस थोडा दे! थोडा! हां... हां... आता कमी कर. ऐका. ऐका रे! कसं एका सुरात चाललंय!

दादा : एका ओढीत?

धाकटी : एका! दादा, बघ तरी, पिंपातलं पाणी कसं उसळतंय! तुझी पँट भिजली!

दादा : भिजू दे. बाबा, तुम्ही रडताय?

बाबा : धूर आहे. नाही, रडतोय. रडू दे. चौदा महिन्यांत आज पहिल्यांदा काहीतरी सुरू केलं मी.

दादा : काय? इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही!

बाबा : काही नाही! बंद कर गं. आता एकटीने करून दाखव. दोरी तुझी, करंगळीही तुझी.

धाकटी : बंद केलं. लेस अशी? बरं. बघ हं दादा... हे घे!

दादा : झालं की. पुन्हा एका ओढीत.

बाबा : बघितलंस? बघितलंस ना?

दादा : बघितलं. बोट तिची. शब्द म्हणजे शब्द. पण मी त्या टेम्पोवाल्याला काय सांगू?

धाकटी : सांग, इंजिन गरम आहे, हात लावू नकोस.

बाबा : आणि आल्यासारखं इंजिन काठापर्यंत पोचवून दे म्हणावं. मीही टेम्पोतच बसतो. पुढे, खिडकीपाशी.

दादा : बसा. मी देतो हात. सावकाश. ...बाबा, लेस परत कधी देणार?

बाबा : संध्याकाळी.