अर्धं पातळ, अर्धं घट्ट

—न्हाई मॅडम, मालातनं कापलेली ही पोलादाची टिकली उलटी करून काय बघताय, मागं नुसता नंबर असतो. बघायची ती चकाकती बाजू. परत लावा डोळा दुर्बिणीला — दिसले दाणे? गोल, एकसारखे, साबुदाण्यावानी. म्हंजी माल चांगला. बारा वर्षं झाली मला ह्या लॅबमधी, कागदावर घासायचं, मखमलीवर घासायचं, ॲसिडचा बोळा फिरवायचा. मालनबाईची टिकली म्हणत्यात सगळे. पातळ? व्हय, असंल थोडी पातळ. घासून झिजती ना. एकदा घासून? एकदा घासून कुठली झिजायची — तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

तुम्ही माल घेणाऱ्या कंपनीच्या, शिकलेल्या, तुम्हाला म्या काय सांगायचं. पण माहेरी केंदूरला आमचं गुऱ्हाळ होतं, म्हणून मला हे लगेच उमगलं. पोलाद पार वितळवत न्हाईत हितं, अर्धं पातळ अर्धं घट्ट झालं की प्रेसखाली दाबत्यात. झटक्यात दाबलं तर दाणा आन् रस संगंच सरकतो. हळू दाबलं की रस पळतो कडंला, काकवी निथळावी तसा, आन् मधी ऱ्हातो कोरडा दाणा. त्यात भोकं. वरून काय दिसतंय? वरून गुळगुळीत. मंगळवारी प्रेसचा पंप बसला, दिवसभर प्रेस रेंगाळत चालला — म्हंजी थोडा वेळ. थोडाच.

तसं बघू नका मॅडम, मला भ्या वाटतंय. मंगळवारच्या मालातला तुकडा म्या मधनंच कापला, घासला, डोळा लावला, तर भोकंच भोकं. आमच्या साहेबांना दावला. ते म्हणले, जुनी चांगली टिकली घासा आन् नवा नंबर कोरा. तशी सवयच हाय हितं. सातव्यांदा घासली ही — हे मला बोलायचं नव्हतं.

पण तुमची सही झाली की चारला गाडी भरणार. ट्रॉलीचे हुक हायेत हे. माझा संपत निमोण्याहून पाटसला ऊस वाहतो, मागं दोन ट्रॉल्या. हायवेला हुक तुटला तर? त्याच्या ट्रॅक्टरला कुठला हुक बसंल, कुणी सांगावं? आन् त्याच्या न्हाई, दुसरीच्या पोराच्या बसला, तर मी सुखानं जेवू का?

पेन ठेवा खाली. ही डबी घ्या. मिश्रीचीच हाय — वर मिश्री, खाली मंगळवारचा तुकडा. हितं उघडू नका. तुमच्या दुर्बिणीखाली घाला, तुमच्याच हातानं. माझं नाव — न्हाई, नाव घेऊ नका. घ्यावंच लागलं तर घ्या.

बूट वाजले. पर्स बंद करा.

काय न्हाई साहेब. मॅडमची दाढ ठणकत होती, मिश्री दिली. सही? ते मॅडमना ठाव. मी कप घेऊन जाते.